तरोट्याचे बी आणि चीनचे नेत्रवैद्यक

मृगाच्या दोन-चार चांगल्या सरी पडल्या की यवतमाळ जिल्ह्यातील रस्त्यांच्या कडा, गावालगतच्या मोकळ्या जागा आणि पडीत वावरे एका झुडपाने हिरवी होऊन जातात. कोकणात व देशावर ज्याला टाकळा म्हणतात, त्याचेच वऱ्हाडी नाव तरोटा. कोवळ्या पाल्याची भाजी पावसाळ्यात घरोघर एकदोनदा होते. पुढे पाला जून होतो, त्याला एक उग्र दर्प येतो, गुरेदेखील त्याला तोंड लावीत नाहीत, आणि मग त्या झुडपास तणापलीकडे कोणी किंमत देत नाही. पावसाळा सरता सरता पिवळी फुले येतात, त्यामागून विळ्यासारख्या वाकलेल्या बारीक शेंगा धरतात, आणि दिवाळीनंतर त्या वाळून फुटल्या म्हणजे आत चकचकीत तपकिरी, तिरप्या कापलेल्या कांडीसारखे बी दिसते. रानोमाळ हिंडून हे बी झोडून आणणारी गरीब माणसे मध्य भारतात पुष्कळ आहेत. ज्या गौण वनोपजांना सरकारने आधारभूत किंमत ठरवून दिली, त्यांच्या यादीत ह्या बियांचाही समावेश झालेला आहे. आणि असे गोळा झालेले बी व्यापाऱ्यांच्या हातून चीन, तैवान वगैरे देशांकडे रवाना होते.

आपल्याकडचे हे तण तेथे कशासाठी जाते? त्याचे एक उत्तर त्या बियांच्या चिनी नावातच आहे. चिनी भाषेत त्याला 'च्युए-मिंग' म्हणतात, आणि त्या नावातील दुसऱ्या पदाचा अर्थ आहे प्रकाश, स्वच्छ दृष्टी. डोळ्यांना उजाळा देणारे ते हे बी, असा त्या नावाचा अर्थ चिनी भाष्यकारांनी लाविला आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत संकलित झालेल्या आणि शेन-नुंग ह्या पुराणपुरुषाच्या नावावर चालणाऱ्या चिनी निघंटूत ह्या बियांना वरच्या प्रतीच्या औषधींत स्थान मिळाले आहे. डोळे लाल होणे, दुखणे, त्यांतून पाणी वाहणे आणि बुबुळावर पडदा येणे ह्या विकारांवर ते सांगितले आहे. ली शी-चेन ह्याचा प्रचंड वनौषधिकोश १५७८ मध्ये लिहून पुरा झाला व १५९६ मध्ये छापून निघाला. त्यातही ते आहे, आणि चीनच्या आजच्या अधिकृत औषधसंहितेतही आहे. बी भाजून त्याचा चहा करतात, आणि बी भरलेली उशी डोक्याखाली घेतली असता डोळे निवतात अशीही तेथे समजूत आहे. जपानातही ह्या जातीच्या बियांचा चहा पितात. वनस्पतिशास्त्रज्ञ तरोट्याच्या दोन अगदी जवळच्या जाती मानतात. चिनी औषधसंहितेस दोन्ही सारख्याच मान्य आहेत.

आता भारताकडे पाहावे. आयुर्वेदाला हे झुडूप अपरिचित होते असे नव्हे. संस्कृतात त्याला 'चक्रमर्द' म्हणतात, आणि त्याचे दुसरे नाव 'दद्रुघ्न', म्हणजे गजकर्णाचा नाश करणारे, असे आहे. बी आंबट ताकात वाटून गजकर्णावर लेप देण्याची रीत खेडोपाडी चालत आलेली आहे. म्हणजे एकाच बियांकडे पाहून चिनी वैद्याने डोळा आठविला आणि भारतीय वैद्याने कातडी. ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. परंपरेने एखादे औषध दोन हजार वर्षे वापरले, तेव्हा त्यात काही तथ्य असलेच पाहिजे, असा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो. येथे तर दोन परंपरा आहेत, दोन्ही प्राचीन आहेत, दोन्ही आपापल्या ठिकाणी विद्वन्मान्य आहेत, आणि त्यांची साक्ष एकमेकींशी जुळत नाही.

दोन्ही राष्ट्रांतील नेत्रवैद्य एकमेकांस अनोळखी होते, म्हणून असे झाले असेल काय? इतिहास तसे सांगत नाही. उलट वैद्यकाच्या सर्व शाखांत नेत्रवैद्यक ही अशी शाखा आहे की जीत चीनने भारताचे ऋण उघडपणे मानले. थांग राजवटीत, इसवी सन ७५२ मध्ये, सिद्ध झालेल्या एका मोठ्या वैद्यकसंग्रहातील नेत्रविभाग पश्चिमेकडून आलेल्या एका भिक्षूच्या शिकवणुकीवरून घेतल्याचे त्यातच नमूद आहे. त्यानंतर थोड्याच काळाने होऊन गेलेल्या ल्यू यू-शी ह्या प्रसिद्ध कवीने डोळ्यांवर उपचार करणाऱ्या एका ब्राह्मण भिक्षूस उद्देशून कविता केली आहे. आणि त्याचा समवयस्क मित्र पो च्यू-यि हा स्वतःच्या अधू दृष्टीचे गाऱ्हाणे मांडताना जो नेत्रग्रंथ जवळ बाळगीत होता, तो आपल्या नागार्जुनाच्या नावावर मोडत असे. 'लुंग-मू' ह्या नावाने तो ग्रंथ पुढे चीनमध्ये वाढत गेला. त्यात डोळ्यांचे बहात्तर रोग सांगितले आहेत. सुश्रुताने शहात्तर सांगितले होते. मोतीबिंदू सुईने बाजूस सारण्याची क्रियाही भारतातून तिकडे गेली, असे इतिहासकार मानतात.

शस्त्र गेले, रोगांची गणना गेली, पण औषधे मात्र बहुतांशी त्या त्या भूमीचीच राहिली. यकृताचे द्वार डोळ्यांत उघडते आणि वारा व उष्णता ह्यांच्या संयोगाने डोळे लाल होतात, ही चिनी वैद्यांची उपपत्ती. वात, पित्त, कफ व रक्त ह्यांच्या प्रकोपाने चार प्रकारचा अभिष्यंद होतो, ही सुश्रुताची. ज्याची जशी उपपत्ती तसे त्याचे औषध. तथापि एका बाबतीत दोघांनी जे प्रत्यक्ष पाहिले ते लिहून ठेविले आहे, आणि त्या ठिकाणी दोघांचे अगदी एकमत आहे. डोळे येण्याचा रोग एकापासून दुसऱ्यास लागतो, हे सुश्रुताने कुष्ठ, ज्वर व क्षय ह्यांच्या बरोबरीने सांगितले. 'रुपेरी सागर' असे डोळ्याला काव्यमय नाव देणाऱ्या एका चिनी नेत्रग्रंथातही साथीच्या लाल डोळ्यांचे निराळे प्रकरण आहे, आणि ही साथ माणसामाणसांत पसरते असे त्यात म्हटले आहे. उपपत्ती बाजूस ठेवून निरीक्षणाकडे वळताच दोन्ही शास्त्रे एका ठिकाणी येतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

डोळ्यांच्या साथीचा अनुभव यवतमाळकरांनाही नवा नाही. जुलै व ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्रभर डोळ्यांची मोठी साथ आली आणि रुग्णांची संख्या लाखांच्या घरात गेली. बऱ्याच ठिकाणी तिच्या मुळाशी अडेनोव्हायरस नावाचा विषाणू होता. त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, डोळ्यांत रक्त उतरविणारी एक साथ बंगालमध्ये आली; बांगलादेशाच्या युद्धाचे ते दिवस असल्यामुळे लोकांनी तिला 'जय बांगला' असे नाव ठेविले. ती साथ प्रथम १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात दिसली होती. तेव्हा नुकताच माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून तेथील लोकांनी तिला अपोलोचे नाव दिले! रोगाला नाव देण्याची हौस सर्वत्र सारखीच.

अशी साथ आली म्हणजे घरोघर जे उपाय निघतात ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. कोणी गुलाबपाणी घालतो, कोणी त्रिफळ्याचे पाणी गाळून त्याने डोळे धुतो, कोणी तुरटीचे पाणी करतो, कोणी मध, कोणी बाळंतिणीचे दूध, कोणी एरंडेल. कोणी काजळाची रेघ जाड करतो. बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात चाकसू नावाचे काळे चपटे बी मिळते. तेही तरोट्याच्याच गोतातील असून डोळ्यांच्या औषधांत त्याची ख्याती इजिप्तपर्यंत होती. सात-आठ दिवसांनी चिपडे थांबतात, लाली ओसरते, आणि ज्या घरात जे घातले त्या घरात त्या औषधाचे गुण गाईले जातात.

येथेच सगळी मेख आहे. २००५ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे डोळे आलेल्या ३२६ मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या मुलांच्या डोळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉल ह्या जंतुनाशक औषधाचे थेंब घातले आणि उरलेल्यांच्या डोळ्यांत तसेच दिसणारे पण औषध नसलेले थेंब. कोणाला काय मिळाले हे मुलांच्या आईबापांना ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यांनाही नव्हते. सातव्या दिवशी पाहिले तो औषध घातलेल्यांपैकी शेकडा ८६ मुले बरी झाली होती, आणि औषध न घातलेल्यांपैकी शेकडा ८३. श्रोत्यांनी ह्या दोन आकड्यांकडे अंमळ थांबून पाहावे. औषध नसलेल्या थेंबांऐवजी त्या मुलांना तरोट्याचा काढा दिला असता, अथवा नुसती आजीबाईंनी दृष्ट काढिली असती, तरी शंभरातील त्र्याऐंशी मुले आठवड्यात बरी झाली असती. आणि ते यश काढ्याच्या अथवा मीठ-मोहऱ्यांच्या पदरी पडले असते. जो रोग बहुधा आपोआप बरा होतो, त्या रोगावर प्रत्येक औषध गुणकारी ठरते. चीनच्या वैद्यांना दोन हजार वर्षे जो अनुभव आला तो खोटा होता असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र औषध न दिलेल्या रोग्यांशी ताडून पाहण्याची रीतच तेव्हा नव्हती, त्यामुळे त्या अनुभवातून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. हाच न्याय क्लोरॅम्फेनिकॉललाही लावावा लागतो, आणि ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी तो लाविला, हे त्यांचे भूषण होय.

मग चिनी व भारतीय नेत्रौषधींपैकी अशा कसोटीवर एकही उतरलेली नाही काय? एक आहे, आणि तिची कथा मोठी मनोरंजक आहे. चिनी वैद्यांचे लाल डोळ्यांवरील आवडते औषध म्हणजे 'हुआंग-ल्येन' नावाची एक कडू पिवळी मुळी. तिचीच एक जात अरुणाचलातील मिशमी टेकड्यांत होते. भारतातील बाजारांत ही मुळी 'ममीरा' ह्या नावाने विकली जाई आणि सुरम्यात व अंजनात पडे; नाथानिएल वॉलिच ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३६ च्या सुमारास तिचे शास्त्रीय वर्णन केले. दुसरीकडे हिमालयातील दारुहळदीचे लाकूड उकळून त्याचा जो घट्ट अर्क करतात, ते आपले रसांजन किंवा रसवत. डोळ्यांतील दोष वाहून जावा म्हणून दर पाचव्या अगर आठव्या रात्री रसांजन घालावे, असे चरकाने सांगितले आहे. हेच रसांजन भडोच बंदरातून रोमन व्यापाऱ्यांच्या गलबतांत चढत असे. ग्रीक वैद्य त्याला 'लुकिऑन' म्हणत. ते नाव कोरलेल्या चिमुकल्या कुप्या भूमध्य समुद्राकाठच्या उत्खननांत सापडल्या आहेत. ग्रीकांचे लुकिऑन म्हणजे आपले रसवतच, हे जॉन फोर्ब्स रॉयल ह्याने १८३३ मध्ये दाखवून दिले.

ह्या देशांनी निरनिराळ्या झाडांकडे वळून एकच द्रव्य डोळ्यांत घातले होते. हुआंग-ल्येन, ममीरा आणि दारुहळद ह्या तिन्हींच्या पिवळ्या रंगाचे कारण बर्बेरीन नावाचा एकच कडू क्षारसदृश पदार्थ आहे. तरोट्याच्या बाबतीत दोन परंपरांची साक्ष फुटली होती. येथे ती जुळली. एकट्या त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण ह्या वनस्पतीकडे आधी पाहावे एवढे म्हणण्यास ते पुरेसे आहे. विसाव्या शतकात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकसंस्थेत रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी ह्यांनी बर्बेरीनचे गुणधर्म तपासले. पुढे १९८२ मध्ये खुपऱ्यांच्या ५१ रोग्यांवर भारतात झालेल्या एका चाचणीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. काहींना सल्फासेटामाइड हे त्या काळी रूढ असलेले औषध दिले, काहींना बर्बेरीनचे पातळ थेंब. सल्फासेटामाइडने डोळ्यांची सूज व स्राव अधिक लवकर कमी झाला; दिसण्यात तेच औषध सरस ठरले. परंतु पापणीच्या आतील बाजूचे खरवड तपासले तेव्हा त्या रोग्यांत रोगजंतू तसाच आढळला आणि रोग उलटला. बर्बेरीन घेतलेल्यांचा आराम सौम्य होता, मात्र त्यांच्या खरवडीत जंतू सापडला नाही आणि वर्षभरात रोग उलटलाही नाही.

हा निकाल उत्साहवर्धक आहे, तथापि त्याचे वजन मापूनच घ्यावयास हवे. ५१ ही संख्या लहान. रोग खुपऱ्या हा, साधे डोळे येणे नव्हे. आणि औषध म्हणून जे वापरले ते शुद्ध केलेले, ठरावीक प्रमाणाचे द्रव्य. पाट्यावर उगाळलेली दारुहळद नव्हे. अशा चाचणीमागून दहापट मोठी चाचणी व्हावयास पाहिजे होती. ती झाली असे दिसत नाही. दरम्यान खुपऱ्यांवर त्याहून सोयीची औषधे निघाली आणि बर्बेरीन मागे पडले. औषधांच्या इतिहासात असे पुष्कळ घडते. काही औषधे खोटी ठरून जातात, तर काही नुसती मध्येच सोडून दिली जातात.

खुपऱ्यांविषयी बोलताना चीनचे एक दुसरे ऋण सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. हा रोग कशाने होतो ह्याचा शोध युरोप-अमेरिकेत अर्धशतक चालला होता. तो जंतू कोंबडीच्या अंड्यात वाढवून वेगळा करण्यात १९५५ मध्ये प्रथम यश मिळाले ते पेकिंगमधील थांग फेइ-फान ह्या संशोधकास. हाच तो रोगजंतू, अशी खात्री पटविण्यासाठी त्याने तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला आणि रोगाची पूर्ण लक्षणे दिसेपर्यंत औषध घेतले नाही. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १९५८ मध्ये, राजकीय छळास कंटाळून ह्या थोर माणसाने आत्महत्या केली. भारताने १९६३ मध्ये खुपऱ्यांच्या नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली होती. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा रोग भारतातून नाहीसा झाला असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. तोंड धुण्यास पुरेसे पाणी, स्वच्छता, जंतुनाशक मलम व गोळ्या, आणि उलटलेल्या पापण्यांवर शस्त्रक्रिया, असा तो कार्यक्रम होता. त्यात वनौषधी नव्हती.

तरोट्याचे काय ठरले? त्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल व त्याच्या वर्गातील द्रव्ये आहेत. त्यांनी पोट साफ होते, आणि काचेच्या नळीत बुरशीची वाढ थांबते. गजकर्ण हा बुरशीचाच रोग; तेव्हा 'दद्रुघ्न' हे नाव ठेवणाऱ्या वैद्याचे निरीक्षण मार्मिक होते, असे म्हणावयास जागा आहे. डोळ्यांच्या जंतुरोगांवर मात्र ऑक्सफर्डसारखी तुलना करून तरोटा तपासल्याचे विश्वसनीय उदाहरण पुढे आलेले नाही. काचेच्या नळीतील यश ही तर फारच लांबची साक्ष. नळीत तुरटीही जंतू मारते आणि तंबाखूचे पाणीही मारते. चीनची प्राचीन कीर्ती पाहून कोणी यवतमाळच्या बांधावरचा तरोटा उकळून डोळ्यांत घालू लागेल, तर त्यास आधार नाही. चिनी वैद्यही हे बी बहुधा पोटात देतात, डोळ्यांत घालीत नाहीत, ही गोष्ट उत्साहाच्या भरात विसरली जाते.

एवढ्याने नुकसान काय होणार, आठवड्यात डोळे बरे व्हावयाचेच आहेत, असे कोणी म्हणेल. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात हा आक्षेप चालून जाईल. पण यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. येथे डोळा लाल होण्याची कारणे निराळीही आहेत. वावरात वाकून काम करताना पऱ्हाटीची काडी, तुरीचे धसकट किंवा ज्वारीचे पाते डोळ्यास लागते. बुबुळावरील पारदर्शक पडदा खरचटतो. त्या ओरखड्यातून बुरशी अथवा जंतू आत शिरला म्हणजे तेथे व्रण होतो, आणि व्रण भरला तरी पांढरा डाग राहतो. त्यालाच लोक डोळ्यात फूल पडले असे म्हणतात. दक्षिणेत मदुरा येथे शेकडो रोग्यांची तपासणी करून १९९७ मध्ये जी माहिती प्रसिद्ध झाली, तीत बुबुळाच्या व्रणांपैकी जवळजवळ निम्म्यांत बुरशी सापडली, आणि बहुसंख्य रोग्यांच्या डोळ्यांस आधी काहीतरी लागलेले होते. हा रोग आपोआप बरा होत नाही. येथे ते त्र्याऐंशी टक्के नाहीत.

वरकरणी मात्र तोही लाल डोळाच. घरातील माणसे 'डोळे आले' असे समजून साथीतील अनुभवलेला उपाय करतात. चार दिवस दूध, चार दिवस मध, मग शेजारच्या गावचा जाणता. अस्वच्छ पाण्यातील काढा व्रणावर पडला की नवे जंतू मिळतात. रुईचा चीक तर साक्षात विष आहे. त्याने प्रथम फारशी वेदनाही होत नाही, नुसते अंधुक दिसू लागते, आणि म्हणूनच धोका कळत नाही. दोष केवळ गावठी उपायांचाच आहे असे मात्र समजू नये. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेले स्टेरॉइडचे थेंब डोळ्याची लाली दोन दिवसांत घालवितात आणि आतली बुरशी बळावू देतात. बुरशीच्या व्रणावर आज ज्याचा मुख्य भरवसा आहे ते नाटामायसीन. तेही सृष्टीतूनच आलेले आहे, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्म जीवापासून. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मदुरा व इतर ठिकाणच्या ३२३ रोग्यांवरील तुलनेत ते एका नव्या व महाग औषधाहून सरस ठरले. मूळ मातीत आहे की मुळीत, प्रयोगशाळेत आहे की चरकात, हा प्रश्नच नाही; ताडून पाहिले की नाही, हा आहे.

आणखी एका प्रकारचा लाल डोळा ह्या जिल्ह्याने पाहिला आहे. २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस कपाशीवर विषारी औषधे फवारताना यवतमाळ जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, आणि कित्येकांना काही काळ दिसेनासे झाले. डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीत, वाऱ्याच्या तोंडी, उघड्या डोळ्यांनी फवारणी चालली होती. फवाऱ्याचे औषध डोळ्यात उडाले म्हणजे तेथे कोणत्याच वनस्पतीचे काम नसते. हाताशी असलेल्या स्वच्छ पाण्याने वीस मिनिटे डोळा धूत राहणे आणि लगेच दवाखाना गाठणे, एवढेच करावयाचे असते.

साध्या डोळे येण्यात दृष्टी शाबूत असते, दोन्ही डोळ्यांना चिपडे येतात, खुपते पण ठणकत नाही. एकच डोळा ठणकू लागला, उजेड सहन होईना, अंधुक दिसू लागले, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, किंवा आधी काडीकचरा लागलेला असला, तर ते डोळे येणे नव्हे. साथीत दुसऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिल्याने रोग लागतो ही समजूतही सोडून द्यावी. तो हात, रुमाल, टॉवेल आणि एकाच काजळाच्या डबीने लागतो. काळा चष्मा उजेडापासून वाचवितो, शेजाऱ्यापासून नव्हे.

नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात ह्या विषयावर एक काम झाले, त्याचा वृत्तांत २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातील साध्या कार्यकर्त्यांना बुबुळावरचा ओरखडा ओळखावयास शिकविले. डोळ्यात रंगाचा थेंब घालावयाचा आणि निळ्या काचेच्या विजेरीने पाहावयाचे, ओरखडा असेल तेथे रंग चमकतो. ओरखडा दिसला तर क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. अशा ४४२ रोग्यांपैकी शेकडा ९६ जणांचे डोळे व्रण न होता भरून आले, आणि जे लागल्यापासून अठरा तासांच्या आत आले त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. ह्या कामात तुलनेसाठी मलम न दिलेला गट नव्हता, हेही सांगितले पाहिजे; तरोट्याला जी कसोटी लाविली तीच मलमालाही लावणे प्राप्त आहे. तरीही उपचार गावातच होता आणि तपासणारा गावचाच होता, ही त्यातील गोष्ट झरी-जामणी किंवा मारेगाव तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावरून पाहिली असता फार मोठी वाटते. तेथून यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचावयाचे म्हणजे आधी पायवाट, मग बस, आणि त्या दिवसाची मजुरी बुडविणे. काडी लागली त्या संध्याकाळी कोणी निघत नाही.